जड पिस्तूल आणि हळवं पोट

पिस्तूल घ्यायचं असं मी ठरवलं तेव्हा ही गोष्ट गावात दोघांनाच माहीत होती. एक मी आणि दुसरी माझी बायको रोवेना. दुसऱ्या दिवशी केस कापायला गेलो, तर न्हाव्यानं माझ्या गळ्याभोवती कापड गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मग टॅल्मेज, धातूचं की प्लॅस्टिकचं?"

आता कारण सांगायला हवं. मी नाही सांगितलं तर दुसरं कुणीतरी सांगेल आणि तिखटमीठ लावून सांगेल. पेट्रोल भरायला पंपावर उभा होतो. हातात न्याहारीचं सँडविच होतं, आत तळलेल्या लिव्हरमशची, म्हणजे डुकराचं काळीज आणि मक्याचं पीठ थापून केलेली जाड वडी आणि वर मोहरी. एक माणूस जवळ आला. एक हात खिशात. म्हणाला, "जे असेल ते काढ." पाकीट घरी राहिलं होतं, म्हणून मी सँडविच दिलं. त्यानं ते घेतलं, माझ्या डोक्यावरची टोपीही घेतली आणि चालू लागला. आणि तो वळला तेव्हा मी म्हणालो, "थँक यू, सर."

आमच्या कॅरोलायनात मूल आधी 'थँक यू, सर' शिकतं आणि मग चालायला शिकतं. जीभ आपोआप वळते, त्यात माझा काय दोष? पण पंपावरच्या मुलीनं ते खिडकीतून ऐकलं. झालं! आमच्या लॉरेल शोल्स गावात बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. आठवडाभर मी जिथे जाईन तिथे लोक मला दार उघडून देत आणि वर म्हणत, "थँक यू, सर."

सगळे हसले. मीही त्यांच्याबरोबर हसलो. पण त्या माणसाच्या खिशात काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. मी इथल्या कॉलेजात कुंभारकाम शिकवतो. चाकावर माती ठेवली की तो खिसा आठवायचा आणि भांडं कलायचं. मुलांना म्हणायचो, "आज मुद्दाम वाकडं भांडं करून दाखवतोय." मुलं वहीत लिहून घ्यायची.

तर पिस्तूल. ते लहान हवं, कपड्याखाली लपायला हवं आणि हातात धरल्यावर आपण कुणीतरी आहोत असं वाटायला हवं. मला वाटलं, दुकानात जाऊ, एखादं आवडेल, घेऊन येऊ. म्हणजे बूट घेतो तसं. मी किती भाबडा होतो हे मला आमच्या शेजाऱ्यांनी, मिस्टर ह्यूबर्ट लिंगरफेल्ट यांनी समजावलं.

मिस्टर ह्यूबर्ट सैन्यात होते. आचारी होते, पण सैन्यात होते, आणि वीस वर्षं पलटणीला बटाटे उकडून घातलेला माणूस शस्त्रांविषयी बोलायला लागला की सेनापतीनंही गप्प बसावं अशी त्यांची समजूत आहे. ते विधुर. सकाळी कॉफीचा मग घेऊन आमच्या ओसरीवर येतात आणि कॉफी संपली तरी जात नाहीत.

"प्लॅस्टिक?" ते म्हणाले. मी तो शब्द उच्चारलाही नव्हता. "पोरा, प्लॅस्टिकचे काटेचमचे असतात. प्लॅस्टिकची बदकं असतात. न्हाणीत सोडायला. पिस्तूल धातूचंच हवं."

"पण मिस्टर ह्यूबर्ट, धातूचं जड असतं म्हणे. हल्ली सांगाडा प्लॅस्टिकचाच करतात."

"जड असतं म्हणूनच चांगलं! जड असलं की बार उडाल्यावर हात कमी उसळतो. आणि गोळ्या संपल्या तर फेकून मारता येतं. प्लॅस्टिकचं फेकलंस तर समोरचा माणूस झेलेल आणि तुला परत देईल."

"आणि हा त्याला थँक यू म्हणेल," आतून रोवेना म्हणाली.

माझ्या बायकोचा पिस्तुलाला विरोध नव्हता. विरोध करायला एखादी गोष्ट गंभीरपणे घ्यावी लागते. मी घरातले कोळी पेल्यात धरून बाहेर सोडून येतो, हे ती लग्नापासून बघत आलेली. ती एवढंच म्हणाली, "घे बापडा. पण आधी ज्याला मारून हळहळ वाटणार नाही असा चोर शोध."

सल्ला मागावा लागत नाही, हा आमच्या गावाचा मोठा गुण. दातांच्या डॉक्टरनी माझ्या तोंडात दोन्ही हात आणि एक नळी घातल्यावर पोलाद बरं की ॲल्युमिनियम या विषयावर माझं मत विचारलं. (धातूतही दोन पंथ आहेत, हे मला तिथे कळलं. पोलादवाले ॲल्युमिनियमवाल्यांना धर्मबुडवे समजतात.) पास्टर सिग्मन म्हणाले की ते या बाबतीत काही सांगणार नाहीत, आणि मग बराच वेळ सांगत राहिले. वृद्धाश्रमातून माझ्या आईचा फोन आला: "टॅल्मेज, कमरेला उजवीकडे लावू नकोस. तुझा उजवा खुबा तुझ्या वडिलांसारखा आहे. तिथे काही टिकत नाही."

शेवटी मिस्टर ह्यूबर्टना घेऊन मी मिस व्हर्डी बोलिक यांच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. 'घेऊन गेलो' म्हणजे ते आधीच गाडीत बसले होते. मिस व्हर्डींना सत्तरी उलटून गेलीय. चष्मा साखळीनं गळ्यात, आणि गळ्यात कायम शिंप्याची टेपही. मला वाटलं, पिस्तुलाचं माप घेत असतील. त्या काउंटरच्या बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या पोटाला टेप लावली.

"राजा, श्वास सोड."

"सोडलाय, मिस व्हर्डी."

"नाही सोडलेला. माझ्या दुकानात येणारा एकही पुरुष श्वास सोडत नाही." त्यांनी चष्मा चढवून आकडा वाचला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लपवायला जागा भरपूर आहे. अडचण अशी, की जागाच पुढे येते."

पहिलं पिस्तूल इतकं लहान होतं की माझी करंगळी मुठीखाली लोंबत राहिली, चहाचा नाजूक कप धरणाऱ्या बाईसारखी. मिस्टर ह्यूबर्टनी दुसरीकडे बघितलं. दुसऱ्याची वरची पट्टी मागे ओढायला इतकी घट्ट, की मी ओढता ओढता लालबुंद झालो आणि ती जागची हलली नाही.

"घरात लोणच्याच्या बरण्या कोण उघडतं?" मिस व्हर्डींनी विचारलं.

"रोवेना."

"मग तिला पाठव."

तिसरं मात्र हातात घेतलं आणि खाली ठेवलंच नाही. आखूड, आटोपशीर, सगळा सांगाडा धातूचा, वर निकेलचा मुलामा, मुठीला अक्रोडाचं लाकूड आणि त्यावर शंकरपाळ्यांसारखी बारीक कोरीव नक्षी. मी मातीतला माणूस. वस्तू नीट घडलेली आहे की नाही हे माझ्या तळव्याला कळतं. ती घडलेली होती. वजन असं, की तळहातानं आपण होऊन ते पेललं. मिस व्हर्डी मागे उभ्या राहून सांगत होत्या की पट्टा दुहेरी चामड्याचा लागेल, सुती पँटला झेपणार नाही. पण मुलगी पसंत पडल्यावर तिच्या मामांच्या तक्रारी कोण ऐकतो?

"हेच," मी म्हणालो.

मिस्टर ह्यूबर्टनी टोपी काढली. त्यांच्या बाजूनं तोच आशीर्वाद.

मग माझ्या नावावर काही गुन्हा नाही ना, या सरकारी चौकशीसाठी मिस व्हर्डींनी फोन लावला. पलीकडून 'थांबा' असं उत्तर आलं. टॅल्मेज ओव्हरकॅश नावाचा आणखी एक इसम म्हणे दोन जिल्ह्यांपलीकडे बकऱ्या चोरल्याबद्दल हवा होता. आमचं नाव जगात दोघांना असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि दुसरा निघाला तोही बकऱ्या चोरणारा! दुकानात तीन गिऱ्हाईकं होती. तिघंही माझ्याकडे, बकरी कुठे लपवलीय असं बघायला लागली. तो मी नव्हेच, हे सरकारच्या गळी उतरेपर्यंत गावात निम्म्या लोकांनी ती चोरी माझ्या नावावर टाकून, वर मला माफही करून टाकलं होतं.

पिस्तूल मिळालं. पण ते लपवून बाळगायचं तर शेरीफच्या कचेरीचा वेगळा परवाना लागतो, आणि त्याआधी शिकवणी. शिकवणीला मिस्टर ह्यूबर्ट आले, 'उजळणी करायला'. शिकवणारे गृहस्थ फळ्यावर लिहीत म्हणाले, "लपवून म्हणजे लपवून. तुमच्याकडे ते आहे हे जगात कुणालाही कळता कामा नये." मागच्या बाकावरून मिस्टर ह्यूबर्टनी आवाज दिला, "या टॅल्मेजचं निकेलचं आहे. मुठीला अक्रोड." सगळा वर्ग माझ्याकडे वळला आणि त्यानं मान डोलावली. नेमबाजीत मी उत्तीर्ण झालो. यापेक्षा अधिक बोलणं मला शोभणार नाही, आणि माझ्या शेजारच्या लक्ष्यावर गोळ्या जास्त कशा निघाल्या याची चौकशी करणं कुणालाच शोभलं नाही.

शेरीफच्या कचेरीत डेप्युटी ट्विला यॉडर होती. गोरी, उंच, हसली तर हसल्याचा दंड भरावा लागेल अशा चेहऱ्याची. तिनं माझी बोटं यंत्राच्या काचेवर एकेक करून फिरवली. यंत्रानं 'टूं' केलं. पुन्हा फिरवली. पुन्हा 'टूं'.

"सर, तुम्हाला ठसे नाहीत."

"असं कसं? सगळ्यांना असतात."

"तुम्हाला नाहीत. गुळगुळीत आहेत बोटं. काय काम करता?"

"माती. तीस वर्षं चाकावर."

तिनं माझा तळवा उजेडात धरला आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात थोडा आदर आला. "सर, तुम्ही चुकीच्या धंद्यात पडलात. ही बोटं घेऊन माणूस बँका लुटतो." मग तिनं सांगितलं, मातीत हात घालू नका, पाण्यात घालू नका, रोज मलम चोळा, झोपताना हातमोजे घाला आणि तीन आठवड्यांनी या.

तीन आठवडे मी रोवेनाच्या ड्रेसिंग टेबलावरची लॅव्हेंडरची क्रीम चोळून, पांढरे हातमोजे घालून झोपलो. शवपेटीतल्या जादूगारासारखा दिसत होतो, असं तीच म्हणाली. कॉलेजात नुसतं तोंडानं कुंभारकाम शिकवलं. भांडी घासणं बंद होतं, आणि इथे मात्र रोवेनाला संशय आला.

"हे पाण्यात हात न घालायचं त्या डेप्युटीनं सांगितलं?"

"अगदी असंच सांगितलं."

"आणि गालिचा झाडण्याबद्दल?"

"त्याबद्दल ती काही बोलली नाही."

"मग झाड."

तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा यंत्रानं 'टूं' केलं नाही. ट्विला यॉडरनं खुर्चीत मागे रेलून सुस्कारा सोडला. माझ्या डाव्या अंगठ्यावर बारीकशी, पण स्पष्ट रेघ उगवली होती. कचेरीतली आणखी दोन माणसं ती बघायला आली.

परवाना आला. मी पिस्तूल म्यानात घालून पँटच्या आत, पोटाशी खोचलं, वर सैल सदरा सोडला आणि आरशासमोर उभा राहिलो. छाती आपोआप बाहेर आली. घराबाहेर पडलो, किराणा दुकानात गेलो, खालच्या फळीवरचा मक्याच्या पिठाचा पुडा घ्यायला वाकलो. म्यानाची कड बरगडीखाली टोचली म्हणून झटक्यात सरळ झालो. मी सरळ झालो, पँट खालीच राहिली. मिस व्हर्डी दुहेरी चामड्याबद्दल जे काही सांगत होत्या ते मला तिथे, पिठाच्या पुड्यांसमोर, शब्दशः आठवलं. एका हातानं पँट आणि दुसऱ्या हातानं पुडा धरून मी गल्ल्याशी आलो. गल्ल्यावरची बाई सभ्य होती. ती म्हणाली, "मिस्टर ओव्हरकॅश, आज बरोबर आणलंय वाटतं."

नवा पट्टा घेतला, पँट्स दोन मापं मोठ्या घेतल्या, आणि पट्ट्यावर भरवसा नव्हता म्हणून खांद्यावरून गॅलिसही लावले. हे सगळं झाकायला फुलाफुलांचे प्रचंड सदरे. पिस्तूल दिसत नव्हतं हे खरं. दिसत होतं ते हे, की लॉरेल शोल्समधला एक प्रौढ, सुशिक्षित गृहस्थ सर्कशीत भरती झाला आहे.

रविवारी चर्चमध्ये तर पंचाईतच. आमच्याकडे नमस्कार-चमत्कार नसतो, मिठी असते. दारापासून बाकापर्यंत जाईतो माणूस वीस वेळा कवटाळला जातो, आणि मिठी मारणाऱ्या बायका भक्कम बांध्याच्या. प्रत्येक मिठीला 'टक्' असा आवाज. एक आजी मागे सरकून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, "हे धातूचंच. माझ्या धाकट्याचं प्लॅस्टिकचं आहे, ते असं लागत नाही."

एवढ्यावर भागलं असतं तरी मी निभावलं असतं. माणूस अपमानाला सरावतो. पण पोट सरावेना. बेंबीच्या बाजूला लाल चट्टा उठला, तो पिस्तुलाच्याच आकाराचा झाला आणि मग खाज! वर्गात, रांगेत, प्रार्थनेत खाज. फुलांच्या सदऱ्यात हात घालून आत काहीतरी चाचपणारा माणूस समोर आला की लोक रस्ता बदलायला लागले. एवढा वचक माझा आयुष्यात कधी बसला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी चट्टा बघितला. "निकेल सोसत नाही तुम्हाला. पोटाशी निकेलचं काय बाळगता?"

मी सदरा खाली ओढला. लपवून म्हणजे लपवून.

त्यांनी भिंग लावून चट्ट्याची कड पुन्हा पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा! ते तुम्ही होय!"

बघताक्षणी आवडलेली, तळव्याला मानवलेली, नाव-गाव-बकऱ्या सगळ्यांतून तावून सुलाखून घरात आलेली वस्तू, आणि माझंच कातडं तिला नको म्हणत होतं. म्यानाखाली बनियन घालून पाहिली. बनियनीवर बनियन घालून पाहिली. शेवटी मी मिस व्हर्डींकडे गेलो आणि, दुकानात कुणी नाही असं बघून, हळूच विचारलं, "प्लॅस्टिकचं एखादं आहे का?"

मी घरी पोहोचायच्या आत ही बातमी मिस्टर ह्यूबर्टपर्यंत पोहोचली होती. माझ्या अंगणात त्यांचं गवत कापायचं यंत्र होतं, माझ्याकडेच वर्षानुवर्षं असायचं. ते ढकलत ते आपल्या घराकडे निघाले होते.

"मिस्टर ह्यूबर्ट, पोटाला चट्टा उठलाय हो."

"माणसाला चट्टे उठतात," ते मागे न बघता म्हणाले. "तत्त्वाला उठत नाहीत."

त्या दिवसापासून ओसरीवरची कॉफी बंद. ते आपल्या ओसरीवर, मी माझ्या. मधे पंधरा पावलांचं अंगण. रोवेना मला म्हणाली, "जाऊन बोल. तो म्हातारा रोज सकाळी एकटा बसून रिकामा मग धरतोय." मी म्हणालो, चूक माझी नाही. ती म्हणाली, "चूक कुणाची असं कुणी विचारलं?" मी गेलो नाही. पोट खाजवणाऱ्या माणसालाही मान असतो.

मग आमच्या चर्चचा वार्षिक मेळावा आला. गावाबाहेर गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात, प्रार्थनेनंतर ओकच्या झाडांखाली लांबलचक टेबलं मांडतात आणि बायका वर्षभराची स्पर्धा एका दुपारी उरकून घेतात. तळलेली कोंबडी, मसाला भरलेली अंडी, हॅमची बिस्किटं (आमच्याकडे बिस्किट म्हणजे जाड, मऊ पाव, आत हॅम भरलेला), केळ्याचं पुडिंग परातभर. प्लॅस्टिकचं अजून घेतलं नव्हतं, म्हणून मी तीन बनियनींवर तेच निकेलचं पिस्तूल खोचून, त्यावर पोपटांचा सदरा घालून घामानं निथळत उभा होतो. मिस्टर ह्यूबर्ट समोरच्या टेबलाशी होते. माझ्याशी न बोलता मला ऐकू जाईल अशा बेतानं ते पास्टर सिग्मनना म्हणाले, "हल्ली काही लोकांना सगळंच प्लॅस्टिकचं लागतं. उद्या कणाही प्लॅस्टिकचा बसवतील." आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी हॅमचं अख्खं बिस्किट तोंडात टाकलं.

ते हसायला लागले. खांदे हलायला लागले. पास्टरही हसले, टेबलाभोवतीचे सगळे हसले. माझा इतका अपमान झालेला होता की मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होतो, म्हणून मला दिसलं. हसू नव्हतंच ते. आवाज येत नव्हता. ओठ निळे पडत होते आणि हात गळ्याशी गेला होता.

टेबल ओलांडून मी कसा गेलो ते मला सांगता येणार नाही. अंड्यांचं ताट माझ्या गुडघ्याखाली आलं असं नंतर डागांवरून ठरलं. मी त्यांना मागून कवेत घेतलं, मूठ त्यांच्या बरगड्यांखाली रोवली आणि चाकावरचा मातीचा ओला गोळा आत ओढून घेतात तसा सगळ्या जोरानं आत-वर झटका दिला. काही नाही. पुन्हा दिला. मिस्टर ह्यूबर्ट जड व्हायला लागले, माझ्या अंगावर लवंडायला लागले. त्यांच्या टाळूवरचे विरळ पांढरे केस माझ्या हनुवटीला लागत होते. मी ओरडलो, "नाही, ह्यूबर्ट, नाही!" आयुष्यात पहिल्यांदा 'मिस्टर' न लावता. आणि तिसरा झटका दिला.

बिस्किट सुटलं. हवेतून गेलं आणि केळ्याच्या पुडिंगमध्ये उभं रुतलं. मिस्टर ह्यूबर्टनी घर्रकन श्वास ओढला, आणि त्या श्वासानिशी पहिलं जे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं ते ओकच्या झाडांनीही ऐकलं:

"पाठीतलं पिस्तूल काढ!"

यानंतर जे घडलं त्याचा दोष मी कुणालाच देत नाही. उशिरा वळून बघणाऱ्याला दिसलं ते एवढंच, की टॅल्मेज ओव्हरकॅशनं ज्याच्याशी भांडण आहे त्या म्हाताऱ्याला मागून धरलंय आणि म्हातारा पिस्तूल, पिस्तूल म्हणतोय. बायका पोरांना घेऊन टेबलांखाली गेल्या. पास्टर सिग्मन त्यांच्याही आधी गेले. आमच्या चर्चमध्ये निम्मे पुरुष, आणि मिस व्हर्डी धरून बऱ्याच बायका, काही ना काही लपवून बाळगतात. पण त्या दिवशी एकालाही ते बाहेर काढता आलं नाही, कारण प्रत्येकाच्या एका हातात भरलेलं ताट होतं आणि दुसऱ्या हातात बर्फ घातलेल्या गोड चहाचा पेला. कोंबडी खाली ठेवायला कुणाचंच मन होईना. त्या कोंबडीनं माझा जीव वाचवला असं माझं प्रामाणिक मत आहे.

रोवेना एकटी उभी राहिली. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "उठा सगळे. त्यानं म्हाताऱ्याला वाचवलंय. आणि ते पुडिंग कुणी खाऊ नका."

मिस्टर ह्यूबर्टना रुग्णालयात नेलं. दोन बरगड्या पिचल्या होत्या, आणि पाठीवर मणक्याशेजारी एक निळा-जांभळा वळ उमटला होता, त्यात शंकरपाळ्यांची नक्षी इतकी रेखीव, की जणू मुठीवरूनच छापून काढली असावी. डॉक्टरनी विचारलं हे कशानं झालं. मिस्टर ह्यूबर्ट म्हणाले, "पिस्तुलानं. शेजाऱ्यानं. भर चर्चमध्ये." हे ऐकून एका नवख्या नर्सनं नियमाला धरून शेरीफला फोन केला.

मी भेटायला पोहोचलो, तर खोलीत डेप्युटी ट्विला यॉडर.

"सर, शस्त्र कुठे आहे?"

"गाडीत, कुलपात. दारावर पाटी आहे ना, आत आणू नका म्हणून."

"ठसे घ्यावे लागतील."

मी हात पुढे केले. तिनं माझ्या बोटांकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. "नको. आहेत आमच्याकडे. फार मिनतवारीनं मिळवलेत." मग ती मिस्टर ह्यूबर्टकडे वळली. "तुमची तक्रार काय आहे?"

"तक्रार?" मिस्टर ह्यूबर्ट उशीवर उठून बसायला गेले आणि कळ येऊन परत पडले. "बाई, लिहून घ्या. या माणसानं माझ्या पाठीत पिस्तूल खुपसलं म्हणून मी जिवंत आहे. मागून धातूचा आधार होता म्हणून पुढून जोर लागला. प्लॅस्टिकचं असतं तर मी आज शवागारात असतो!"

हे शास्त्राला धरून आहे का, हे मला माहीत नाही. डॉक्टर नाही म्हणाले. पण लॉरेल शोल्समध्ये डॉक्टरला कोण विचारतो? पुढच्या आठवड्यात मी ते पिस्तूल मिस व्हर्डींना परत दिलं. पोट दोन दिवसांत निवळलं. त्यांनी ते काचेच्या कपाटात मधोमध मांडलंय, आणि गिऱ्हाइकाला त्या सांगतात की यानं एकही गोळी न झाडता माणूस वाचवलाय. विकायला मात्र तयार होत नाहीत. मी दुसरं घेतलं नाही. घेणार होतो, पण रोज उद्यावर गेलं, आणि एके दिवशी लक्षात आलं की उद्या म्हणायचंही राहून गेलंय.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी डेप्युटी गेली आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. मिस्टर ह्यूबर्ट छताकडे बघत होते. रुग्णालयाच्या त्या बिनबाह्यांच्या झग्यात ते एकदम लहान दिसत होते. पलटणीला जेवू घातलेले ते हात चादरीवर नुसते पडून होते.

"निघतो मग," मी म्हणालो. "आराम करा."

त्यांनी मनगट धरलं. घट्ट. "कसली घाई आहे?"

"नाही, तसं काही नाही."

"मग बस ना. जेवण येईल आता." ते थांबले. "बिस्किट आलं तर मला एकट्याला भीती वाटेल रे पोरा."

मी बसलो. ताट आलं. कोंबडीचं सूप, उकडलेले बटाटे आणि कडेला, हो, बिस्किट. मी त्याचे तुकडे केले. त्यांनी मान हलवली. मी आणखी बारीक केले. त्यांनी पुन्हा मान हलवली. शेवटी मी ते पार चुरून सुपात कालवलं आणि चमच्यानं त्यांना भरवायला लागलो. ते प्रत्येक घास नीट चावून, डोळे मिटून गिळत आणि गिळून झाल्यावर माझ्याकडे बघत. मी मान डोलावली की पुढचा घास.

नर्स आत डोकावली. "भेटीची वेळ संपलीय. तुम्ही यांचे कोण?"

मी उठायला लागलो. मिस्टर ह्यूबर्टनी तोंडातला घास संपवला, सावकाश गिळला आणि तिला दटावून म्हणाले, "तो कोण ते नंतर बघू. आधी त्याला एक कॉफी आण. अजून बटाटे राहिलेत."